वाद आणि स्नेह : कै. काकासाहेब गाडगीळ

आपल्या न्यायशास्त्रकारांनी चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. वस्तुतत्त्व काय आहे ते उभयतांनी मिळून शोधावे या बुद्धीने जी चर्चा होते तो वाद. प्रतिपक्षी कसेही करून पडावा एवढ्याच हेतूने जी होते तो जल्प. आणि स्वतःचा असा काही पक्षच न मांडता दुसऱ्याचे खंडन तेवढे करीत सुटणे ही वितंडा. श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना या तिघांतून एकट्या वादालाच आपले स्वरूप म्हटले आहे, ही गोष्ट नित्य पाठ करणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात राहत नाही. मराठीत तर या शब्दाची अशी काही दुर्दशा झाली आहे की, वाद म्हणजे भांडण असाच त्याचा अर्थ लोक समजतात. एखादा वकील न्यायालयात जेवढा युक्तिवाद करीत असेल त्याहून अधिक गृहस्थाश्रमी मनुष्यास घरात करावा लागतो. वडिलोपार्जित घराची वाटणी, मुलीसाठी आलेले स्थळ, शेजाऱ्याच्या पन्हळीचे पाणी आपल्या अंगणात येणे, म्हाताऱ्या आईने कोणाकडे राहावे हा प्रश्न, अशा प्रत्येक प्रसंगी बोलण्याचा आरंभ वादाने होतो, आणि अर्ध्या घटकेत त्याचा जल्प कधी झाला ते कोणालाच कळत नाही.

ज्यांचे सबंध आयुष्य वादात गेले, पण ज्यांनी त्या वादातून जन्माचे मित्र मिळवले, असे एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेले. नरहर विष्णु गाडगीळ हे त्यांचे नाव. काकासाहेब गाडगीळ म्हणून ते सर्वांस विदित आहेत. न्यायालय, सभेचे व्यासपीठ, कायदेमंडळ, मंत्रिमंडळ आणि अखेरीस चंडीगड येथील राजभवन, अशी त्यांच्या आयुष्याची चढती पायरी दिसते. तथापि शेवटच्या पायरीवर जे त्यांच्या वाट्यास आले ते मात्र बोलणे नव्हते, मौन होते. आणि तेही अशा प्रश्नावर, की ज्यावर बोलण्यासाठीच त्यांनी काही वर्षांपूर्वी आपली सारी लोकप्रियता पणाला लावली होती.

काकासाहेबांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी मध्य भारतातील मल्हारगड या गावी झाला. उच्च शिक्षण पुण्यास झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१८ मध्ये ते पदवीधर झाले आणि १९२० मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. त्यांचे विद्यार्थिदशेतील पुणे हे लोकमान्यांचे पुणे होते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला गीतारहस्य हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा काकासाहेब एकोणीस वर्षांचे होते. कर्मसंन्यासापेक्षा कर्मयोग श्रेष्ठ हा सिद्धान्त त्या पिढीच्या तरुणांनी पुस्तकातून जेवढा घेतला तेवढाच हवेतून घेतला. वकिलीची सनद हाती आली त्याच वर्षी काकासाहेब राष्ट्रसभेच्या कार्यात पडले. १९२१ पासून चार वर्षे ते पुणे जिल्हा काँग्रेसचे चिटणीस होते. पुढे स्वातंत्र्याच्या लढ्यात त्यांनी एकूण आठ वेळा तुरुंगवास भोगला.

त्या काळचे पुणे दोन भागांत तुटलेले होते. एका बाजूस ब्राह्मण मध्यमवर्ग, जो लोकमान्यांना देव मानीत असे, आणि दुसऱ्या बाजूस ब्राह्मणेतर समाज, ज्याला स्वराज्य म्हणजे पुन्हा पेशवाई अशी भीती वाटे. या दुसऱ्या पक्षाचे पुण्यातील तरुण पुढारी म्हणजे केशवराव जेधे. तेही १८९६ सालीच जन्मलेले. म्हणजे काकासाहेबांच्या बरोबरीचे. शुक्रवार पेठेतील त्यांचे घर, जेधे मॅन्शन, हे सत्यशोधक चळवळीचे ठाणे होते. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकर यांनी लिहिलेले देशाचे दुश्मन हे पुस्तक जेधे यांनी प्रसिद्ध केले. त्यात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर अत्यंत कडवट टीका होती. खटला झाला, शिक्षा झाली; अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाजू मांडली आणि आरोपी सुटले. पुण्याच्या नगरपालिकेत पुतळा टिळकांचा की जोतीरावांचा, यावरूनही असेच रणकंदन माजले होते.

अशा स्थितीत लोकमान्यांना गुरुस्थानी मानणाऱ्या एका ब्राह्मण वकिलाने केशवराव जेध्यांशी स्नेह जोडावा, ही गोष्ट दोन्ही बाजूंस चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही. काकासाहेबांनी हे कसे साधले, याचा विचार करण्यासारखा आहे. ज्या पुस्तकाने आपले श्रद्धास्थान दुखावले त्या पुस्तकाचे खंडन करण्यापासून आरंभ करणे त्यांना सहज शक्य होते. वकिली बुद्धीला तोच मार्ग आधी सुचतो. पण त्यांनी आरंभ केला तो प्रतिपक्षाच्या म्हणण्यात जेवढे खरे होते तेवढे मोकळेपणाने मान्य करण्यापासून. बहुजनसमाजावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाला, हे त्यांनी तोंडदेखले कबूल केले नाही. १९२९ मध्ये पुण्यास पर्वतीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून शिवराम जानबा कांबळे आदींनी सत्याग्रह केला, त्यात काकासाहेब स्वतः होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली. ज्या समाजात आपले सोयरेधायरे, ज्यांच्या पंक्तीला आपले पान, त्यांच्याच विरुद्ध उभे राहणे हे सभेत भाषण करण्याइतके सोपे नसते. ज्याने स्वतःच्या घरच्या माणसांचा रोष एकदा पत्करला त्याचे बोलणे परक्यालाही खरे वाटू लागते. हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही.

मग उरले ते सांगणे थोडेच होते. सामाजिक अन्याय दूर करावयाचा तर राज्य परक्याच्या हाती ठेवून तो दूर होणार नाही. आणि राष्ट्रसभेत बहुजनसमाज आला म्हणजे ती कोणा एका जातीची राहणारच नाही. केशवरावांसारख्या मानी पुरुषास हे पटले. १९३० च्या सविनय कायदेभंगात ते काँग्रेसच्या बाजूने उतरले आणि तुरुंगात गेले. त्यांच्यामागून पश्चिम महाराष्ट्रातील शेतकरी काँग्रेसमध्ये येऊ लागला. १९३४ च्या निवडणुकीत मध्यवर्ती कायदेमंडळावर मुंबई इलाख्याच्या मध्यभागातून गाडगीळ आणि जेधे हे दोघेही निवडून गेले. जेधे-गाडगीळ ही जोडी महाराष्ट्रात त्या काळी एखाद्या सामासिक शब्दासारखी उच्चारली जात असे. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा महाराष्ट्रातील काँग्रेस शहरातून खेड्यात उतरली आहे हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. या बदलाचे श्रेय एकट्या काकासाहेबांचे नव्हे. परंतु त्याची एक किल्ली जेधे मॅन्शनच्या दिवाणखान्यात फिरली, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. पटवून घेतलेला मनुष्य पटवणाऱ्याच्या मालकीचा होत नाही. १९४८ मध्ये केशवराव काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्षात गेले. त्या वेळी काकासाहेब दिल्लीस मंत्री होते. ज्याला आपण आणले तो गेला, याचे दुःख कोणालाही होईल. पण ज्याने पूर्वी स्वतःच्या बुद्धीने येण्याचे ठरवले त्याला स्वतःच्या बुद्धीने जाण्याचाही अधिकार असतो. मुलगा वेगळे बिऱ्हाड करतो तेव्हा कित्येक पित्यांना एवढेही उमगत नाही. सहा वर्षांनी, १९५४ मध्ये, केशवराव पुन्हा काँग्रेसमध्ये आले.

दिल्लीच्या कायदेमंडळात काकासाहेब काँग्रेस पक्षाचे चिटणीस आणि प्रतोद होते. प्रतोदाचे काम बाहेरून किरकोळ दिसते. वास्तविक विरोधकांना निरुत्तर करण्यापेक्षा आपल्याच माणसांना एकत्र ठेवणे हे कितीतरी अवघड. काकासाहेबांची जीभ तिखट होती, विनोद हातचा होता, आणि म्हणींचा तर त्यांच्याजवळ साठाच होता. पुणेरी माणसाच्या विनोदाला धार असते. ती धार कित्येकदा मित्रालाही लागते, आणि काकासाहेब या दोषापासून सर्वस्वी मुक्त होते असे म्हणवत नाही. पण विनोदाचा त्यांनी अधिक चांगला उपयोगही केला. ग्यानबाचे अर्थशास्त्र हे त्यांचे पुस्तक पाहावे. अर्थशास्त्र हा विषय सामान्य शेतकऱ्याला त्याच्याच व्यवहारातील दाखल्यांनी कळावा, हा त्यामागील हेतू. ज्याला आपला विषय ग्यानबाला सांगता येत नाही त्याला तो स्वतःलाही नीट कळलेला नसतो, हे विद्वानांनी मनावर घेण्यासारखे आहे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले मंत्रिमंडळ आले त्यात काकासाहेबांकडे बांधकाम, खाणी आणि वीज ही खाती होती. सरदार वल्लभभाई पटेलांवर त्यांची निष्ठा होती आणि सरदारांचा त्यांच्यावर विश्वास होता. काश्मीरवर आक्रमण झाले तेव्हा तिकडे सैन्य व रसद पोहोचवण्यास धड रस्ता नव्हता. पठाणकोट ते जम्मू हा सुमारे ६५ मैलांचा मार्ग अवजड वाहतुकीस योग्य असा आठ महिन्यांत करून द्यावा, असे सरदारांनी सांगितले. काकासाहेबांनी अडचणी मांडल्या, आणि त्या खऱ्या होत्या. वाटेत नद्या होत्या, डोंगराळ मुलूख होता. सरदारांनी त्या अडचणींपैकी एकीचेही खंडन केले नाही. हे काम तुम्हालाच करावयाचे आहे एवढेच त्यांनी कळवले. दूरदूरहून मजूर आणले गेले, रात्री दिव्यांच्या उजेडात कामे चालली, आणि रस्ता वेळेत झाला. समोरच्याचे हरकतीचे मुद्दे पूर्ण ऐकून घेऊन मग त्याच्या कर्तृत्वावर भार टाकणे, ही पटवण्याची रीत काकासाहेबांनी त्या दिवशी दुसऱ्याच्या बाजूने अनुभवली.

सोमनाथाच्या जीर्णोद्धाराची हकीकतही याच वर्षातील आहे. १३ नोव्हेंबर १९४७ रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, सरदार पटेल प्रभासपाटण येथे गेले; काकासाहेब बरोबर होते. भग्न मंदिराजवळ, समुद्रकाठी, हे मंदिर पुन्हा उभारावे ही कल्पना काकासाहेबांनी सरदारांपुढे मांडली, आणि सरदारांनी ती उचलून धरली. प्रथम विचार असा होता की, हे कार्य सरकारने करावे. महात्मा गांधींचे मत निराळे पडले. सरकारी तिजोरीतून मंदिर बांधू नये, लोकांनी आपल्या पैशाने बांधावे, असे त्यांचे म्हणणे होते. यावर आग्रह धरून बसणे मंत्र्यांना शक्य होते. पण ते म्हणणे मानले गेले, विश्वस्त मंडळ झाले आणि वर्गणी लोकांतून आली. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठा झाली, तेव्हा सरदार हयात नव्हते. आपल्या प्रस्तावातील मुख्य गोष्ट टिकत असेल तर तिच्या आडून येणारी दुरुस्ती निमूटपणे घ्यावी, हे भल्याभल्यांना जमत नाही. घरात तर फारच क्वचित.

भाक्रा, कोयना आणि हिराकूड या धरणांच्या आरंभीच्या योजना त्यांच्या खात्याच्या काळातील. १९५२ च्या निवडणुकीनंतरच्या मंत्रिमंडळात ते नव्हते. पुण्याचे प्रतिनिधी म्हणून लोकसभेत आणि १९५५ पर्यंत काँग्रेसच्या कार्यकारिणीत मात्र ते होते.

यानंतरचा प्रसंग त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण. १९५५ च्या ऑक्टोबरात राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेलुगू, कन्नड, मल्याळी भाषिकांना आपापली राज्ये मिळावयाची होती. मराठी भाषिकांना मात्र गुजरातसह द्विभाषिक राज्य सुचवले होते आणि विदर्भ निराळा ठेवला होता. संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या वतीने काकासाहेब, शंकरराव देव, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ प्रभृतींनी दिल्लीस खल केला. (दोघे गाडगीळ निरनिराळे, दोघेही पुण्याचे आणि दोघेही अर्थशास्त्रावर लिहिणारे असल्यामुळे अमराठी लोकांची त्या काळी मोठी फसगत होई.) मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडण्याची भाषा सुरू झाली. तेव्हा लोकसभेत काकासाहेबांनी जे भाषण केले ते अजून स्मरले जाते. तडजोडीस आम्ही तयार आहोत, पण स्वाभिमान सोडून तडजोड होत नाही, असा त्यांचा आशय होता. आणि हा प्रश्न संसदेने न्यायाने सोडवला नाही तर तो मुंबईच्या रस्त्यांवर सुटेल असेही त्यांनी बजावले.

या शेवटच्या वाक्यावर त्या वेळी पुष्कळ टीका झाली, आणि तो प्रश्न आजही विचारण्यासारखा आहे. रस्त्यावर निकाल लागेल असे संसदेत सांगणे हा वाद, की धमकी? एखाद्या घरात धाकटा भाऊ थोरल्याला सांगतो की, वाटणी नीट झाली नाही तर मी कोर्टात जाईन. तेव्हा तो युक्तिवाद करीत असतो की भीती घालीत असतो? उत्तर बहुधा बोलणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. ज्याला आग लागावी अशी इच्छा आहे त्याच्या तोंडी ती धमकी. ज्याला धूर दिसला आहे आणि घर वाचवावयाचे आहे त्याच्या तोंडी ती सूचना. काकासाहेब आयुष्यभर घटनात्मक मार्गाने आणि सत्याग्रहाने चाललेले होते, हे पाहता त्यांच्या बाजूने दुसरा अर्थ घेणेच न्याय्य ठरते. तथापि ऐकणाऱ्याला तो अर्थ पोहोचला नाही, हेही तितकेच खरे, आणि त्या अपयशाचा काही भाग वक्त्याकडे येतो. सतराव्या अध्यायात वाणीचे जे तप सांगितले आहे त्यात सत्याबरोबर उद्वेग न करणे हीही अट आहे. दोन्ही एकदम साधणे किती कठीण ते अशा प्रसंगी कळते.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित राहील असे घोषित केले. मुंबईत उद्रेक झाला, गोळीबार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या या सबंध आंदोलनात शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी त्याच वर्षी मंत्रिपदाचा त्याग केला. पुढे ऑगस्टमध्ये मुंबईसह महाराष्ट्र, विदर्भ आणि गुजरात यांचे मिळून मोठे द्विभाषिक राज्य करण्याचे ठरले.

काकासाहेबांनी काय करावे? त्यांचे मत बदललेले नव्हते. पण ज्या पक्षात सारे आयुष्य घालवले, ज्यासाठी आठ वेळा तुरुंग पाहिला, त्या पक्षाने निर्णय घेतला होता. पक्षात राहून वाद करावा, आणि वाद संपल्यावर निर्णय पाळावा, असा त्यांच्या मनाचा कौल पडला. १९५७ ची निवडणूक त्यांनी काँग्रेसच्या तिकिटावर लढवली. पुण्याच्या मतदारांनी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या नानासाहेब गोरे यांना निवडून दिले. ज्याने दिल्लीत महाराष्ट्राची बाजू सर्वांत उघडपणे मांडली त्यालाच महाराष्ट्राने त्या प्रश्नावर पाडले. यात पुणेकरांची कृतघ्नता पाहणारे आहेत आणि काकासाहेबांची दुर्बलता पाहणारेही आहेत. वस्तुतः पुणेकरांनी मुद्दा धरला आणि काकासाहेबांनी वचन धरले. दोहोंस किंमत द्यावी लागली.

१९५८ च्या सप्टेंबरात पंजाबचे राज्यपाल म्हणून ते चंडीगडला आले. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी हे नगर तेव्हा नुकतेच उभे राहत होते. लाहोर पाकिस्तानात गेल्यामुळे पंजाबला राजधानी उरली नव्हती. काही वर्षे सिमल्याहून कारभार चालला आणि १९५३ च्या ऑक्टोबरात चंडीगडचे उद्घाटन झाले. काकासाहेब आले त्याच वर्षी सुखना तलाव बांधून झाला आणि सचिवालयाची लांबच लांब इमारत पुरी झाली. ल कॉर्बुझिए या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने नगराच्या शिरोभागी राज्यपालांसाठी एक प्रासादही आखला होता, पण लोकशाहीत एवढा डौल नको म्हणून तो बांधला गेला नाही. सर्किट हाऊस म्हणून बांधलेल्या इमारतीतच राजभवन भरले. पुण्याच्या पेठांतून आलेल्या मनुष्याला सरळ रेषांचे, रुंद रस्त्यांचे आणि क्रमांकांच्या वस्त्यांचे हे शहर कसे वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

नगर नवे असले तरी त्यातील वाद जुनाच होता. १९५६ मध्ये पेप्सू राज्य पंजाबात विलीन झाले आणि हिंदी व पंजाबी अशा दोन प्रादेशिक विभागांची योजना आली. १९५७ मध्ये हिंदीच्या रक्षणासाठी आंदोलन झाले. दुसरीकडे मास्टर तारासिंग यांच्या नेतृत्वाखाली अकाली दल पंजाबी भाषेचे स्वतंत्र राज्य, पंजाबी सुभा, मागत होते. घरात पंजाबी बोलणारी असंख्य हिंदू कुटुंबे शिरगणतीत आपली मातृभाषा हिंदी लिहवीत. एवढ्यावरून या तंट्यात भाषेच्या आडून काय चालले होते ते ध्यानात येईल. १९६० मध्ये मोर्चे निघाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या वर्षाच्या अखेरीस संत फतेहसिंग यांनी उपोषण आरंभले, ते ९ जानेवारी १९६१ रोजी सुटले. पुढे १५ ऑगस्ट १९६१ पासून मास्टर तारासिंग यांनी ४८ दिवस उपोषण केले. मुख्यमंत्री प्रतापसिंग कैरों हे स्वतः शीख, आणि या मागणीचे कट्टर विरोधक होते. केंद्र सरकारचाही विरोधच होता.

आणि या सर्वांच्या वर, घटनात्मक प्रमुख म्हणून, तो मनुष्य बसला होता ज्याने पाच-सहा वर्षांपूर्वी भाषिक राज्याची मागणी लोकसभेत गर्जून मांडली होती. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य झाले. ज्याच्यासाठी ते भांडले आणि पडले ते हाती आले, तेव्हा काकासाहेब चंडीगडच्या राजभवनात होते. त्यानंतर काही महिन्यांतच पंजाबी सुभ्याचे सत्याग्रही त्यांच्याच राज्यात, त्यांच्याच नावाने चालणाऱ्या सरकारच्या तुरुंगांत भरू लागले.

राज्यपालाला मंत्र्यांच्या सल्ल्याने वागावे लागते. मंत्र्यांना खाजगीत सल्ला देणे, उत्तेजन देणे, क्वचित सावध करणे एवढे त्याच्या हाती असते. सभेत उभे राहून कोणाचा पक्ष घेणे नसते. वक्तृत्व हेच ज्याचे शस्त्र त्याला ते म्यानात ठेवावे लागले. पंजाबचा प्रश्न महाराष्ट्राच्या प्रश्नासारखाच होता असे सरसकट म्हणता येणार नाही. तेथे भाषेत धर्म मिसळला होता, फाळणीची जखम ताजी होती आणि सीमा शत्रूला लागून होती. पण मागणाऱ्याच्या अंतःकरणातील सल एकाच जातीची होती, आणि ती ओळखण्यास काकासाहेबांइतका अनुभवी मनुष्य त्या वेळी चंडीगडात दुसरा नसेल.

बोलता येत नव्हते म्हणून ते समजून घेण्याकडे वळले, असे म्हणता येईल. शिखांचा इतिहास हा त्यांचा मराठी ग्रंथ याच पंजाबी वास्तव्याचे फळ. महाराष्ट्राला पंजाब परका नाही. संत नामदेव उत्तरेस गेले आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे वास्तव्य झाले; त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहेबात अंतर्भूत आहेत. पंढरपूरचा एक शिंपी परमुलखात जाऊन, तेथील भाषेत गाऊन, लोकांच्या नित्यपाठात जाऊन बसला, आणि त्यासाठी त्याला शास्त्रार्थाचा आखाडा मांडावा लागला नाही. काकासाहेबांनी आपल्या मराठी वाचकांना पंजाबची बाजू आतून सांगण्याचे जे काम केले ते याच वाटेवरचे. आपला प्रश्न सुटल्यावर दुसऱ्याचा प्रश्न अभ्यासण्याची बुद्धी फार थोड्यांना होते.

१२ ऑक्टोबर १९५९ रोजी केशवराव जेधे वारले. काकासाहेब त्या वेळी चंडीगडास होते. ज्या मैत्रीचा आरंभ पुण्याच्या विषारी वातावरणात झाला ती तीस वर्षांची झाली होती.

१९६२ मध्ये सातारा येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद काकासाहेबांना मिळाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांची राज्यपालपदाची मुदत संपली. १९६४ मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पथिक या आत्मचरित्रात त्यांनी आपली वाटचाल सांगितली आहे. मंत्रिमंडळातील दिवसांच्या आठवणींचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निधनानंतर प्रसिद्ध झाले. कुलगुरुपदावर असतानाच १२ जानेवारी १९६६ रोजी, सत्तर वर्षे पुरी होऊन दोन दिवस झाले असता, त्यांचे देहावसान झाले. आदल्याच दिवशी ताश्कंद येथे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री निवर्तले होते आणि सारा देश त्या शोकात होता. विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांच्यामागून धनंजयराव गाडगीळांकडे गेले.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत काँग्रेस कार्यकारिणीने पंजाबी सुभ्याची मागणी मान्य केली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाब व हरियाणा अशी दोन राज्ये झाली. राजधानीचे शहर दोघांनाही हवे होते. १९५६ च्या जानेवारीत मुंबईच्या वाट्यास जी व्यवस्था येऊ घातली होती, आणि जिच्याविरुद्ध काकासाहेब लोकसभेत उभे राहिले होते, तीच चंडीगडच्या वाट्यास आली. ते केंद्रशासित झाले, आणि दोन्ही राज्यांची राजधानी म्हणून आजही तसेच आहे.